मक्याच्या बुरकुंडांवर मांसाला धुरी: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

मक्याची मळणी झाली, यंत्र पुढच्या वावरात गेलं, की मागे बुरकुंडांचा ढीग उरतो. दाणे काढून रिकामी झालेली, हलकी, खरखरीत कणसं. थोडी चुलीत जातात, बाकीची धुऱ्यावर नेऊन पेटवून देतात. कणसाच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा बुरकुंडाचा असतो, म्हणजे दहा क्विंटल कणसांमागे दीड-दोन क्विंटल सरपण आपण दरवर्षी उगाच जाळून टाकतो. त्यातलं एक पोतं तरी बाजूला काढून ठेवा. मांसाला धुरी द्यायला इतकं सौम्य आणि गोडसर वासाचं जळण आपल्याकडे दुसरं नाही.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात बुरकुंडांच्या धुरावर डुकराचं मांस तयार करायची जुनी रीत आहे आणि तिथे ते आजही आवडीने विकत घेतलं जातं. आपल्याकडे बुलढाण्यापासून मेळघाटापर्यंत मका पिकतो, गावोगावी चूल पेटते, विस्तव सांभाळणारे हात घराघरात आहेत. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे शेकता येतात त्याला धुरीचं अर्धं काम आधीच येतं. उरलेलं अर्धं इथे सांगतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. धुरी दोन प्रकारची असते. एकीत मांस थंड धुरात कित्येक तास, कधी कधी कित्येक दिवस टांगतात. ते शिजत नाही, फक्त धूर खातं. दुसरीत गरम धुरात मांस धुरी घेता घेता पूर्ण शिजतं. नव्या माणसाने फक्त दुसरी करावी. थंड धुरीला नायट्राइट घातलेलं खास मीठ, त्याचं ग्रॅममध्ये मोजमाप आणि बारा-पंधरा अंशांच्या आसपासची थंडी सतत लागते. त्यातलं काही चुकलं तर मांसात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार होऊ शकतं, आणि ते वासावरून किंवा चवीवरून कळत नाही. धूर लागला म्हणजे मांस टिकाऊ झालं, हा समज मनातून काढून टाका. धुरातले जंतू मारणारे घटक वरच्या थरापुरतेच पोचतात. आतलं मांस सुरक्षित होतं ते उष्णतेने.

बुरकुंडं निवडताना

सगळी बुरकुंडं चालत नाहीत. पाहिजे ती पूर्ण पिकलेल्या, झाडावरच वाळलेल्या दाण्याच्या मक्याची. कोंबडीखाद्याला जातो तो मका उत्तम. स्वीट कॉर्नची बुरकुंडं ओली आणि साखरेची असतात, त्यांना बुरशी धरते. कुणी भुट्टा खाऊन टाकलेली तर अजिबात घेऊ नका.

एक बुरकुंड हातात घेऊन मधोमध मोडून बघा. वाळलेलं असेल तर कट्‌कन आवाज येतो. आत तीन थर दिसतात: मध्ये पांढरा, स्पंजासारखा गाभा, त्याभोवती लाकडासारखं कडक कडं, आणि बाहेर दाण्यांच्या खोबणीतला पापुद्र्यासारखा भुसा. गाभा बोटाने दाबा. गार किंवा दमट लागला तर ते अजून वाळलेलं नाही. मळणीच्या वेळी दाणा कोरडा वाटला तरी बुरकुंडात बऱ्याचदा दाण्यापेक्षा जास्त ओल असते, म्हणून मळणीनंतर दोन-तीन आठवडे खळ्यात पातळ पसरून उन्हात द्या आणि रोज पायाने परता. गाभा काळा, हिरवट किंवा गुलाबी दिसला तर ती बुरशी. तसलं बुरकुंड धुरीत नको, चुलीतही नको.

दुसरी चौकशी फवारणीची. अमेरिकन लष्करी अळी 2018 मध्ये आपल्याकडे आली तेव्हापासून मक्यावर औषध मारल्याशिवाय पीक हाती लागणं अवघड झालंय. फवारा बहुतेक पोंग्यात, पीक लहान असताना पडतो आणि कणीस पानांच्या आवरणात झाकलेलं असतं, त्यामुळे मका पऱ्हाटीपेक्षा, म्हणजे कपाशीच्या काड्यांपेक्षा, कितीतरी बरा. तरीही कणीस भरल्यावर कुणी फवारलं असेल किंवा कणसं साठवताना पावडर टाकली असेल, तर ते पोतं घेऊ नका. आपल्या वावरातलं किंवा ज्याला विचारता येईल अशा शेजाऱ्याचं असेल तर उत्तम.

पऱ्हाटीचं नाव काढलं म्हणून सांगतो, कारण आपल्या भागात सगळ्यात सहज मिळणारं जळण तेच. मांसाच्या धुरीला पऱ्हाटी वापरू नका. कपाशीवर किती औषध पडतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. त्या काड्यांचा धूर अन्नाला लावू नये. कडुनिंबाने मांस कडू होतं. कण्हेर आणि रुई विषारी आहेत. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, जुन्या चौकटी याही नकोत. उष्णतेसाठी बुरकुंडांच्या जोडीला काही घ्यायचंच असेल तर बाभळीचा कोळसा घ्या.

वाळलेली बुरकुंडं सुती किंवा तागाच्या पोत्यात, जमिनीपासून उंचावर, हवेशीर जागी ठेवा. प्लॅस्टिकच्या पोत्यात घाम धरतो. आणि काढताना पोतं आधी झटकून घ्या, विंचवाला ही जागा फार आवडते.

भट्टी

लोखंडी पिंप कापूनही भट्टी होते, पण गावात मिळणारी बरीच पिंपं रसायनांची किंवा औषधांची असतात आणि कितीही धुतली तरी त्यांचा भरवसा नाही. विटांची भट्टी स्वस्त आणि निर्धोक. आतून दोन फूट लांब, दोन फूट रुंद, साडेतीन फूट उंच अशी चौकोनी कोठी बांधा. जोडायला काळी माती घेऊ नका, वाळली की ती भेगाळते. घर सारवायची पांढरी किंवा पिवळी माती, त्यात कुटार आणि थोडं शेण. खाली पुढच्या बाजूला चुलीसारखं वीतभर तोंड ठेवा, त्यातूनच जळण घालायचं आणि हवाही तिथूनच येणार. जमिनीपासून दीड फुटावर दोन सळया आडव्या टाका, त्यावर पाण्याने भरलेली स्टीलची परात. त्याच्या वर फूटभर अंतरावर लोखंडी जाळी, तिच्यावर मांस. अगदी वर काळ्या पत्र्याचं झाकण, आणि ते एका कोपऱ्यात दोन बोटं उघडं राहील असं ठेवायचं. आगीजवळ जस्ताचा पत्रा लावू नका, तापला की त्याची वाफ घातक असते. नदीतले गोटे पायाला घेऊ नका, तापून फुटतात.

मधल्या परातीमुळे खालची धग थेट मांसाला लागत नाही आणि चरबी निखाऱ्यावर न पडता पाण्यात पडते. चरबी आगीवर पडली की जो काळा, तेलकट धूर उठतो तो चवीला वाईट आणि तब्येतीलाही वाईट.

बांधून झाली की चार-पाच दिवस वाळू द्या. मग साधं सरपण घालून दोन तास रिकामीच पेटवा. जागा निवडताना पऱ्हाटीचा ढीग, कुटार, गोठा यांच्यापासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. बाजूला भरलेली बादली असलीच पाहिजे. बंद खोलीत किंवा पडवीत भट्टी कधीही पेटवू नका, निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि वासही येत नाही.

हंगाम म्हणाल तर डिसेंबर-जानेवारी. मळणी होऊन गेलेली असते, बुरकुंडं वाळलेली असतात, पहाटे गारवा असतो. एप्रिल-मे मध्ये पंचेचाळीस अंशांत कच्चं मांस तासभरही बाहेर ठेवणं धोक्याचं, आणि एक ठिणगी उडाली तर अख्खं वावर पेटतं.

मांस आणि मीठ

पहिल्यांदा कोंबडी करा. बोकड दुसऱ्या-तिसऱ्या वेळेस. कोंबडी तीन तासांत होते, चूक झाली तरी लवकर कळते आणि खर्चही कमी. दुकानदार कोंबडी सोलून देतो, त्याला कातडीसकट द्यायला सांगा. गावरान असेल तर पिसं काढून, हळद लावून जाळावर भाजून घेतो तशी घ्या. कातडी धूर धरून ठेवते आणि आतलं मांस सुकू देत नाही. पाठीचा कणा कात्रीने कापून कोंबडी पुस्तकासारखी उघडा, छातीवर तळहाताने दाबून सपाट करा. सपाट केली की मांडी आणि छाती एकाच वेळी शिजतात.

मीठ मोजून लावायचं. एक किलो मांसाला 15 ते 18 ग्रॅम. चमच्याने मोजू नका, बारीक आणि जाड मिठाचा चमचा वजनाला सारखा नसतो. त्याबरोबर किलोमागे छोटा चमचाभर बारीक केलेला गूळ आणि थोडी काळी मिरी. आलं-लसणाचं वाटण या वेळेला लावू नका, ते धुरात करपतं. मीठ लावलेलं मांस झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी वरचं पाणी टिपून, न झाकता फ्रिजमध्येच आणखी दोन-तीन तास ठेवा. बोट लावलं तर पृष्ठभाग कोरडा आणि किंचित चिकट लागला पाहिजे. ही चिकट साय धूर पकडते. ओल्या मांसावर धूर बसत नाही, उलट काळे ओघळ उठतात. माशांमुळे उघड्यावर टांगून सुकवू नका.

बोकडाचं करायचं असेल तर पुढचा फरा घ्या. चाप आणि मांड लवकर कोरडी पडतात. भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावातला रोहू किंवा कतलाही असाच होतो, फक्त मासा तासा-दीड तासात तयार असतो. रानडुकराचं मांस कुणी आणून दिलं तरी घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो गुन्हा आहे, शिवाय त्यात जंत असण्याची भीती आहेच.

विस्तव

सगळी कला इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

बुरकुंड हलकं असतं. आत स्पंजासारखा गाभा, बाहेर भुसा, सगळीकडून हवा. त्यामुळे ते भडकन पेटतं, मोठी ज्वाळा देतं आणि लवकर विझतं. त्याचा निखारा बाभळीच्या निखाऱ्यासारखा तग धरत नाही. पाच-सहा एकदम टाकली तर आधी ज्वाळा, मग गुदमरून दाट पांढरा धूर, मग थंड भट्टी. नव्या माणसाचं मांस कडू होतं ते बहुतेक याच पांढऱ्या धुरामुळे.

म्हणून दीड-दोन किलो बाभळीचा कोळसा आधी बाहेर पेटवा, वर राखेचा पातळ थर आला की भट्टीच्या तोंडातून आत सरकवा. हा झाला पाया, तो धग टिकवतो. बाहेर, भट्टीच्या शेजारी, तीन विटांची छोटी चूल मांडा. तिच्यात सात-आठ बुरकुंडं आधी पेटवायची. बाहेरचा भुसा जळून जातो तेव्हा पहिली पाच मिनिटं धूर कोंदट आणि झणझणीत असतो, तो बाहेरच जाऊ द्या. ज्वाळा बसून बुरकुंड लाल-काळं झालं, धूर पातळ झाला, की चिमट्याने तीन-चार उचलून आतल्या कोळशाच्या कडेला ठेवा. कोळशावर ठेवू नका, कडेला. कडेला ठेवलं की ते हळूहळू जळतं.

दर पंधरा-वीस मिनिटांनी असंच. बाहेरची चूल सतत थोडी पेटती ठेवा म्हणजे पुढची खेप तयार असते. बुरकुंडं मोडू नका, अख्खी वापरा, तुकडे फार लवकर जळतात. भिजवूही नका. पुष्कळजण जळण भिजवायला सांगतात, पण पाण्याने आधी वाफ होते, मग विस्तव थंड पडतो आणि तोच कडू धूर येतो.

आता धुराकडे बघायला शिका. झाकणाच्या फटीतून निघणारा धूर निळसर, पातळ, पलीकडचं झाड दिसेल इतका विरळ हवा. नाकाला तो भाजलेल्या भुट्ट्याच्या जवळपासचा, किंचित गुळचट येतो. बुरकुंडात लाकडापेक्षा लिग्निन कमी आणि हेमीसेल्युलोज जास्त असतं, ते जळताना साखर करपल्यासारखा गोड वास निघतो. धूर पांढरा, दाट, डोळ्यांत झोंबणारा झाला तर भट्टीला हवा कमी पडतेय. खालचं तोंड मोठं करा, राख ओढून काढा, झाकण थोडं आणखी सरकवा. धूर कोंडायला झाकण घट्ट लावायचा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरा. धूर मांसाला लागून पुढे निघून गेला पाहिजे, आत साचला की त्याचं डांबर मांसावर बसतं.

भट्टीच्या आत 110 ते 130 अंश सेल्सिअस ठेवायचंय. जाळीच्या उंचीवर ओव्हनचा साधा थर्मामीटर लटकवा. 130 च्या वर गेलं तर एक खेप चुकवा, 100 च्या खाली आलं तर कोळसा घाला. धूर वाढवून धग वाढत नाही. झाकण सारखं उघडू नका, प्रत्येक वेळी भट्टी थंड होते. परातीतलं पाणी आटलं तर गरम पाणी ओता. तीन तासांच्या धुरीला अर्धं पोतं बुरकुंडं जवळ असली की बिनघोर.

शिजलं का?

रंगावर जाऊ नका. धुराने मांस आतून गुलाबी राहतं, पूर्ण शिजलेलं असलं तरी, आणि बाहेरून सोनेरी-तांबूस झालेलं मांस आतून कच्चं असू शकतं. सुई टोचायचा थर्मामीटर ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. या कामात कुठे पैसे घालायचे असतील तर तिथे घाला. कोंबडीच्या मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकता सुई घाला. 74 अंश झाले की कोंबडी खायला सुरक्षित. सपाट केलेली सव्वा किलोची कोंबडी अडीच-तीन तास घेते. माशाला आत 63 अंश पुरेत. पाळलेल्या डुकराचं मांस करणाऱ्यांनी 71 पर्यंत न्यावं.

बोकडाच्या फऱ्याचं गणित वेगळं आहे. तो 63 अंशांना सुरक्षित होतो पण चामड्यासारखा लागतो. त्यातल्या शिरा आणि पडदे विरघळायला 90 च्या वर जावं लागतं आणि भट्टीत त्याला पाच-सहा तास लागतात. बोकडात चरबी कमी, तोवर तो वाळून जातो. यावर दोन उपाय. दोन-अडीच तास धुरी दिल्यावर फरा पळसाच्या पानांत गुंडाळायचा, पानगे गुंडाळतो तसाच, वरून फॉइल, आणि पुन्हा भट्टीत मऊ होईपर्यंत. या टप्प्याला बुरकुंडं घालायची गरज नाही, नुसता कोळसा पुरे. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: दोन तास धुरी देऊन फरा काढायचा, तुकडे करायचे आणि लगेच सावजी रश्श्यात मंद आचेवर शिजवायचे. खसखस, सुकं खोबरं आणि काळ्या मसाल्याच्या तर्रीत बुरकुंडाचा धूर इतका मुरतो की ज्वारीची भाकर कमी पडते. मीठ मात्र रश्श्यात बेताने, मांसात आधीच आहे. धुरी दिलेला फरा अर्धवट अवस्थेत उद्यासाठी ठेवू नका. भट्टीतून थेट पातेल्यात.

कोंबडी उतरवल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग कापा. पहिल्या दिवशी नुसती खा. लिंबू, कच्चा कांदा, हिरव्या मिरचीचा ठेचा एवढं पुरे, म्हणजे धुराची चव कशी आली ते नीट कळतं. कडवट लागली तर पुढच्या वेळी बाहेरच्या चुलीवर बुरकुंडं जास्त वेळ जाळून मग आत घ्या. धूर कळतच नसेल तर मांस नीट सुकलं नव्हतं असं समजा.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवायचं. गावात लाइटचा भरवसा नसेल तर तितकंच करा जितकं त्या दिवशी संपेल. शेजारी-पाजारी वाटून टाका. बाहेर टांगून ठेवलेलं चालत नाही, मग ते कितीही काळंभोर धुरावलेलं दिसो.

भट्टी पूर्ण विझल्याची खात्री करा, बुरकुंडाच्या राखेखाली लहान निखारा दुसऱ्या सकाळपर्यंत जिवंत राहू शकतो. राख थंड झाल्यावर शेणखताच्या खड्ड्यात पातळ पसरून टाका. तिच्यात पालाश भरपूर असतं, पण आपली काळी जमीन मुळातच अल्कधर्मी असल्यामुळे थेट वावरात घमेलं भरून ओतू नका.